नांगर : शेतातला आणि समुद्रातला

माझगावच्या एका वाचक भगिनींचे आजोबा आणि त्यांचे दोन-तीन निवृत्त सोबती व्यापारी जहाजांवर होते. येमेनमधल्या जुन्या एडन बंदराच्या त्यांच्या आठवणी या भगिनी वहीत उतरवून घेत आहेत. त्यांनी लिहिलेले ‘आमची बोट एडनच्या धक्क्याला नांगरली’ हे वाक्य आजोबांनी खोडून टाकले. त्यात चूक काय, आणि शेतकऱ्याचा नांगर मुळात बोटीवर कसा पोहोचला, असे त्यांनी विचारले आहे.

आजोबांनी खोडले ते योग्यच केले. धक्क्याला बोट लागते. ती दोरखंडांनी खुंटांना बांधलेली असते आणि तिचा नांगर वर, नाळेशी म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, स्वस्थ लटकत असतो. नांगरलेली बोट धक्क्यापासून दूर, खुल्या पाण्यात असते आणि वारा किंवा भरती-ओहोटी फिरली की स्वतःच्या नांगराभोवती तीही फिरते. बॅलार्ड पियरला एखादे पर्यटनजहाज लागले, प्रवासी शिडीवरून चालत खाली उतरले, तरी बातम्यांमध्ये ‘मुंबईत नांगर टाकला’ असेच ऐकावे लागते. ज्या शहराच्या पूर्व किनाऱ्यावर प्रिन्सेस, व्हिक्टोरिया आणि अलेक्झांड्रा अशा गोद्या १८८० ते १९१४ या काळात उभ्या राहिल्या, त्या शहरात हा फरक पुसला जावा याचे मला फार वाईट वाटते. एडनच्या बाबतीत तर तिसरा प्रकारही लक्षात ठेवावा लागतो. तवाही म्हणजे स्टीमर पॉइंटसमोरच्या पाण्यात मोठ्या आगबोटी बोयाला, म्हणजे तळाशी जखडलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधत, तिथेच इंधन घेत आणि माणसे लाँचने किनाऱ्यावर जात. आजोबांची बोट त्या दिवशी बोयाला होती की बाहेर नांगरावर होती, हे त्यांनाच विचारून लिहावे. १९६७ साली सुएझ कालवा बंद पडल्यावर एडनची ती वर्दळ ओसरली, त्यामुळे हे सांगू शकणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

आता व्युत्पत्ती. फारसीत जहाजाच्या नांगराला ‘लंगर’ म्हणतात, तेव्हा मराठीतला जहाजी नांगर म्हणजे त्या लंगराचाच अपभ्रंश, शेतातला नांगर वेगळा आणि दोघांचे साम्य योगायोगाचे, असे मत वारंवार मांडले जाते. मला ते मुळीच मान्य नाही. ‘ल’ने सुरू होणारे फारसी-अरबी शब्द मराठीने डझनांनी घेतले, लगाम, लष्कर, लिफाफा, लायक. या चारांपैकी एकाही शब्दाच्या आरंभीच्या ‘ल’चा ‘न’ झालेला नाही. मग एकट्या लंगराचाच का व्हावा? शिवाय लंगर हा शब्द मराठीत त्याच रूपात नांदतो आहे. खंडोबाच्या उत्सवात वाघ्या लोखंडी साखळी तोडतो, त्याला ‘लंगर तोडणे’ असेच म्हणतात. फारसी शब्द आला तो साखळीचा अर्थ घेऊन आणि आपला ‘ल’ शाबूत राखून आला.

नांगराचा ‘न’ त्याहून कितीतरी जुना आहे. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात ‘शुनं कृषतु लाङ्गलम्’ असे शेतीच्या सूक्तात म्हटले आहे; ते लाङ्गल म्हणजे आपला नांगर. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात लाङ्गल या शब्दाचे नाव घेऊन त्याच्या आद्य ‘ल’चा ‘ण’ होतो असे सूत्र दिले आणि लगोलग ललाट (कपाळ) या शब्दालाही तोच नियम लावला. त्या ललाटाचे मराठीत निढळ झाले, लाङ्गलाचे नांगर झाले. कन्नडातला नेगिलु आणि तेलुगूतला नागलि हेही याच कुळातले, म्हणजे दख्खनच्या मातीला हा ‘न’ पूर्वापार ओळखीचा आहे.

पण मला खरा उलगडा झाला तो भाऊच्या धक्क्याजवळच्या एका बाकावर. रत्नागिरीकडचे एक निवृत्त सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके, शेजारी बसले होते. मी विचारले, तेव्हा त्यांनी छत्री उलटी धरून तिची वाकडी मूठ धुळीत आडवी ओढली. मूठ आधी नुसती सरकली, मग तिचे टोक मातीत शिरले आणि मागे एक सरळ रेघ उमटली. “असा ओढल्याशिवाय नांगर धरत नाही,” ते म्हणाले. “खाली सोडला की बोट थोडी मागे घ्यायची, मग तो रुततो. साखळी भरपूर सोडायची, म्हणजे ओढ आडवी राहते. उभी ओढलीत की सुटला.” एक शॅकल म्हणजे १५ वाव, सुमारे साडेसत्तावीस मीटर साखळी, हे मापही त्यांनीच सांगितले. शेतात फाळही आडव्या ओढीनेच मातीत शिरतो आणि शेतकऱ्याने वर उचलला की तासातून, म्हणजे नांगरटीच्या चरातून, सुटतो. बोटीच्या नांगराला हे नाव देणाऱ्याने आकार पाहिला नाही, क्रिया पाहिली. १९३३ साली जेफ्री टेलर या इंग्रज गणितज्ञाने छोट्या नौकांसाठी नवा नांगर बनवला, तोही हुबेहूब शेतातल्या फाळाच्या आकाराचा होता. दोन टोकांच्या माणसांना एकच गोष्ट दिसली.

मी याहून एक पाऊल पुढे जातो. पश्चिम किनारा आणि इराणी आखात यांच्यामध्ये मोसमी वाऱ्यांवर शतकानुशतके तारवे ये-जा करत होती, आणि लाङ्गल हा शब्द ऋग्वेदाइतका जुना. तेव्हा फारसी लंगरच आपल्या खलाशांच्या तोंडच्या लाङ्गलावरून घेतला गेला, असे माझे मत आहे. जे मराठीला फारसीची ऋणको ठरवतात, त्यांनी देवाणघेवाणीची ही दिशा एकदा तपासून पाहावी. ध्वनीच्या दृष्टीने शेवटच्या ‘ल’चा ‘र’ होण्याला काहीच अडचण नाही. आपल्याच नांगरात तो झालेला आहे.

वहीतल्या वाक्याविषयी सांगायचे तर, बोट बोयाला असेल तर ‘एडनला बोट बोयाला बांधली’ आणि बाहेर थांबली असेल तर ‘एडनबाहेर बोट नांगरली’ असे लिहावे. ‘नांगरली’ हे क्रियापद शेताला आणि बोटीला सारखेच चालते, त्यासाठी वेगळा शब्द शोधू नये.