कृषी सल्ला: पट्टी रंगली म्हणून ड्रिपमध्ये ईडीटीए सोडू नका

प्रश्न (मिरज तालुका): दुकानदाराने दिलेली, पाण्यातले धातू तपासायची कायटोसनची पट्टी ओढ्याकाठच्या विहिरीच्या पाण्यात बुडवली, ती रंगली. पाण्यात शिसं आहे, ड्रिपमधून ईडीटीए सोडा, असं तो सांगतो. सोडावं का?

उत्तर: सोडू नका. ईडीटीए हे रसायन धातू संपवत नाही, त्याला धरून पाण्यात विरघळलेला ठेवतं. मातीला चिकटलेलं शिसं आणि कॅडमियम त्यामुळे सुटतं, मुळांपर्यंत पोचतं किंवा खाली झिरपतं. चुनखडीच्या, आठच्या आसपास सामू असलेल्या आपल्या जमिनीत हे धातू मुळात जागचे फारसे हलत नाहीत. पैसे मोजून ते हलवायचे कशाला? डोस वाढवा म्हणाला, तर मुळीच ऐकू नका.

ही पट्टी कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून काढलेल्या कायटोसनची पातळ फिल्म असते. फिल्म धातू पकडते, तिच्यातलं रंगद्रव्य रंग बदलतं. पण अशी बरीच रंगद्रव्यं तांब्या-जस्तालाही रंगतात. बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या, म्हणजे तांब्याच्या फवारणीच्या) बादलीने पाणी काढलं किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या जीआय पाइपात रात्रभर साचलेलं पाणी घेतलं, तर शिसं नसतानाही पट्टी रंगू शकते. उलट, क्षारांच्या जड पाण्यात शिसं कार्बोनेट होऊन तळाला बसतं आणि पट्टी कोरी राहते.

पंप पंधरा मिनिटं चालवून, खताच्या टाकीच्या आधी, नव्या प्लास्टिक बाटल्यांत दोन नमुने घ्या. एक पट्टीसाठी. दुसरा प्रयोगशाळेसाठी, त्यांनीच दिलेलं नायट्रिक ॲसिड घालून. नाहीतर धातू बाटलीला चिकटतो. ॲसिडच्या बाटलीत पट्टी बुडवू नका, फिल्म फुगते, विरघळतेही. दुसरी पट्टी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून शेजारी धरा. रंग सावलीत आणि पाकिटावरच्या वेळेलाच बघा. तासाभराने वाळलेली पट्टी दाखवून कोणी औषध विकत असेल तर घेऊ नका.

शिशाची मर्यादा पिण्याच्या पाण्याला लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, सिंचनाला ५. त्यामुळे पट्टी रंगलेलं पाणी उसाला चालेलही, पण अहवाल येईपर्यंत माणसांना-जनावरांना देऊ नका. कॅडमियमला सिंचनाची मर्यादाच ०.०१ आहे, म्हणून तपासणीत ते नाव घालून मागा. मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ घटकांत शिसं-कॅडमियम नाही.

खर्च करायचाच तर एकरी पाच टन कुजलेलं शेणखत घाला, ताग गाडा. सेंद्रिय पदार्थ धातू धरून ठेवतो. हे मी दरवेळी सांगतो, पुन्हा सांगतो. आणि अहवाल हाती येईपर्यंत त्या विहिरीवर पालक-मेथी लावू नका, पालेभाजी कॅडमियम लवकर उचलते.