वाचकांचे प्रश्न : कोल्हापूर, देवळाच्या पलीकडचे

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही दोन दिवसांसाठी कोल्हापूरला जाणार आहोत. बरोबर नऊ आणि चौदा वर्षांची मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. मागच्या खेपेस अंबाबाईचे दर्शन, दुपारी मटणाचे ताट आणि संध्याकाळी पन्हाळा एवढे करून परतलो; गाव पाहिलेच नाही, अशी रुखरुख राहिली. मुले कंटाळणार नाहीत अशी खाण्याची, भटकण्याची आणि खरेदीची ठिकाणे सुचवावीत.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण पाहिलेत ते बहुतेक सगळेच पाहुणे पाहतात, आणि त्यात चूक ठिकाणांची नसून वेळेची असते. जुने कोल्हापूर आटोपशीर आहे. अंबाबाईचे देऊळ, भवानी मंडप, महाद्वार रोड, गुजरी, चप्पल लाइन, मिरजकर तिकटी आणि खासबाग ही सर्व ठिकाणे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यामुळे गाडी एकदा कोठेतरी लावून ती संध्याकाळपर्यंत विसरून जावी. मात्र येथे प्रत्येक गोष्टीचा आपापला प्रहर ठरलेला आहे, आणि तो चुकला की तीच जागा रुक्ष वाटते.

सकाळ मिसळीची. उद्यमनगरातील फडतरे यांच्या मिसळीचे नाव आपण ऐकले असेलच. तेथे रांग लागते हे गृहीत धरून निघावे, किंवा मुक्कामाच्या जवळचे एखादे मिसळीचे दुकान गाठावे, कारण या गावात बरी मिसळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. येथील मिसळीबरोबर पाव म्हणून बहुधा ब्रेडच्या स्लाइस येतात आणि रश्शाला ‘कट’ म्हणतात. मुलांसाठी कट वेगळा मागून घ्यावा आणि सोबत दही सांगावे; नऊ वर्षांच्या मुलाने शेव, मटकी आणि दही एवढ्यावर न्याहारी केली तरी कोणी हसणार नाही.

उन्हाच्या वेळी न्यू पॅलेस आणि टाउन हॉल अशी दोन संग्रहालये पाहता येतात. दोन्ही इमारती मेजर चार्ल्स मँट या वास्तुरचनाकाराच्या. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला न्यू पॅलेस काळ्या दगडाचा असून त्याचा घड्याळाचा मनोरा लांबूनच दिसतो. आतील शस्त्रे आणि शिकारीतील पेंढा भरलेले प्राणी यांत मुलांचा तासभर सहज जातो. माझे स्वतःचे मत विचाराल तर मी टाउन हॉलला झुकते माप देईन. सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेतील या छोट्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू आहेत, आणि त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आहे. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी हा देव कसा आला, असा प्रश्न चौदा वर्षांच्या मुलापुढे टाकून पाहावा. सातवाहनकाळातील व्यापाराचा धडा पुस्तकाशिवाय सुरू होतो. सासूबाईंना बागेत सावलीला बसता येईल.

संध्याकाळ रंकाळा तलावाची. सूर्य कलला की चौपाटीवर भेळेच्या गाड्या, मक्याची कणसे आणि फुगेवाले दिसू लागतात, आणि पलीकडे शालिनी पॅलेसची आकृती पाण्यात उतरते. एक रात्र मात्र खासबागेच्या खाऊगल्लीसाठी राखून ठेवावी. राजाभाऊंची भेळ तिथलीच. त्यानंतर फळे, जेली आणि आइस्क्रीम एका उंच ग्लासात रचलेले ‘कॉकटेल’ मुलांच्या हाती द्यावे. नाव ऐकून सासूबाई दचकल्या, तर त्यात मद्य नसते हे आधीच सांगून टाकावे.

गंगावेशीचा दूधकट्टाही चुकवू नये. तेथे म्हशी रस्त्याच्या कडेलाच उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात दिला जातो. पैलवानांच्या या गावाला त्याचा मोठा अभिमान आहे. तरीही न तापवलेले दूध लहान मुलांनी आणि वयस्करांनी पिऊ नये, असे मी स्पष्टच लिहितो. त्या दोघांसाठी पाहण्यातली मजा पुरेशी आहे.

प्रश्न : कोल्हापुरी चपला अस्सल आहेत की नाहीत, हे दुकानात कसे ओळखावे? परदेशी फॅशन शोमुळे भाव वाढले आहेत, असे ऐकतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर आणलेल्या कोल्हापुरी धाटणीच्या चपलांमुळे बराच गदारोळ झाला खरा, पण दुकानात उभे राहिल्यावर तो बाजूला ठेवून थेट चपलेच्या तळाकडे पाहावे. अस्सल पायताण (गावातील जुनी माणसे हाच शब्द वापरतात) वरपासून खालपर्यंत चामड्याचे असते. ते चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते आणि तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात, खिळ्यांनी ठोकलेले नसतात. कड निरखली की चामड्याचे थर मोजता येतात. तेथे रबर किंवा पुठ्ठा दिसला तर ती चप्पल वाईटच असते असे नाही, पण तिला त्या भावाने घेऊ नये. मी स्वतः एकदा एका झगमगीत दुकानातून घाईने जोड घेतला आणि पहिल्याच पावसात त्याचा तळ बिस्किटासारखा फुगला. पुठ्ठा होता.

नवी चप्पल थोडी घट्टच घ्यावी, कारण चामडे पायाप्रमाणे सैलावते. आरंभी ती चावते. पट्ट्यांना खोबरेल तेल लावून घरातल्या घरात काही दिवस वापरावी. पावसाळ्यात ती माळ्यावर टाकावी. ‘कोल्हापुरी’ हे नाव एकाच जिल्ह्याचे आहे, असाही समज ठेवू नये. २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यामुळे चप्पल लाइनमधील दुकानदाराने ‘हा माल अथणीचा’, म्हणजे कर्नाटकातला, असे सांगितले तर तो फसवत नसून खरे बोलत असतो.

प्रश्न : आम्ही मित्र खेळाचे शौकीन आहोत. बाहेरच्या माणसाला तेथे कुस्ती किंवा फुटबॉल पाहता येतो का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : अवश्य येतो, आणि फुटबॉलचा हंगाम साधलात तर तो आधी पाहावा. महाराष्ट्रात इतरत्र क्रिकेटला जे स्थान आहे, ते येथील पेठांमध्ये फुटबॉलला आहे. संघांची नावेच पाहा : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. तालमीच्या नावाने फुटबॉल खेळणारे गाव दुसरे मला ठाऊक नाही. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची गाठ पडली की पायऱ्यांवरची आरडाओरड हाच अर्धा खेळ असतो. तेव्हा पाहुण्याने आपण कोणत्या बाजूच्या गर्दीत बसलो आहोत, हे आधी विचारून घ्यावे आणि टाळ्या त्या हिशेबाने वाजवाव्यात.

कुस्तीचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधवले आणि ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. मधला हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, आणि भोवतीची चढत जाणारी गोलाकार बैठक अशी रचना असल्याने शेवटच्या रांगेतूनही डाव दिसतो. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला, म्हणजे १९१५ च्या पॅलेस थिएटरला, ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागल्यानंतर तेथे गेलेला जुना माणूस आधी त्या वास्तूपाशीच थबकतो, हे आपल्याला दिसेल. कुस्त्यांची मोठी मैदाने रोज होत नाहीत; रोजची कुस्ती पाहायची असेल तर गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत पहाटे जावे, वस्तादांची परवानगी घ्यावी, पायताण बाहेर काढावे आणि लाल मातीच्या कडेला शांत बसावे. फोटो विचारूनच काढावेत.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत आणि तिखट सोसत नाही. कोल्हापुरात उपाशी राहू का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : मुळीच नाही. झुणका-भाकरी, भरले वांगे आणि अख्खा मसूर सर्वत्र मिळतात. एकच सूचना : इतर शहरांतील हॉटेलांत ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाने जी लालभडक भाजी मिळते, ती येथे शोधू नये. येथील चव कांदा-लसूण चटणीची आहे, नुसत्या तिखटाची नव्हे. ताटाच्या कडेला हिरवा खर्डा वाढला, तर त्याला मात्र आधी बोटाचे टोकच लावावे.