वाचक विचारतात : स्वरांच्या खुणा आणि कोरे चौकोन

प्रश्न : बाली बेटावरच्या गामेलान (घंटा, धातूच्या पट्ट्या आणि ढोल यांचा वाद्यवृंद) संगीताच्या खुणा युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणाऱ्या जागतिक व्यवस्थेत, आहेत असं समजलं. वर्गासाठी दोन ओळी उतरवल्या, तर मुलांच्या मोबाइलवर नुसते चौकोन! चुकलं कुठे?
— एक संगीतशिक्षक, जळगाव

उत्तर : चौकोन दिसला म्हणजे कोड नीट पोचला, पण समोरच्या फॉन्टात त्याचं चित्र नाही. ‘नोटो सेरिफ बालिनीज’ हा मोफत फॉन्ट आपल्या संगणकावर टाका आणि मुलांना मजकूर नको, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ पाठवा.

बाली लिपी युनिकोडमध्ये २००६ साली, ५.० आवृत्तीत आली. संगीताच्या खुणांचे कोड १बी६१ ते १बी७सी, एकूण २८ : १० स्वर, स्वराला चिकटणाऱ्या ९ खुणा आणि ढोलाचे ९ बोल. वर्डमध्ये कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून १बी६१ टाइप करा (‘बी’ रोमन) आणि लगेच आल्ट धरून एक्स दाबा, ‘डोंग’ हा स्वर उमटेल. तो स्वर वरचा दाखवायचा तर त्याच्यामागे १बी६बी, खालचा असेल तर १बी६सी. केम्पुल, गाँग या टांगलेल्या घंटांचा ठोका कुठे पडतो ते सांगणाऱ्या खुणाही अशाच स्वरानंतर येतात. आधी खूण आणि मग स्वर असं केलंत, तर खूण मागच्याच अक्षराला जाऊन चिकटते. ओळीच्या सुरुवातीला असेल तर ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते.

आणखी एक खोच. म्हणताना क्रम डिंग, डोंग, डेंग, डुंग, डांग असा. कोडांत मात्र डोंग पहिला आणि डिंग थेट १बी६६ वर. कोडांच्या क्रमाने यादी लावणारा प्रोग्राम सप्तकाची खिचडी करतो. स्वराचा क्रमांक वेगळ्या रकान्यात ठेवा.

प्रश्न : मग भातखंडे स्वरलिपीला असे कोड का नाहीत? अहिराणी लग्नगीतांचे स्वर वर्डमध्ये लिहिते, कोमल स्वरांना खाली रेघ देते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की रेघा गायब.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : वेगळ्या कोडांची गरजच पडत नाही, स्वर ही आपलीच अक्षरं आहेत. वर्डमधली अधोरेखा ही नुसती सजावट. चिकटवताना ती गळते आणि कोमल गंधार शुद्ध होऊन बसतो. त्याऐवजी वेदपठणाच्या खुणा वापरा : कोमलसाठी अनुदात्ताची आडवी रेघ ०९५२, तीव्र मध्यमासाठी वरची उभी रेघ ०९५१. रे॒, ग॒, म॑ असं दिसेल. खूण नेहमी मात्रेनंतर : आधी र, मग मात्रा, मग रेघ.

सप्तकाच्या ठिपक्यांनी मात्र खरा घोळ होतो. तार षड्जासाठी सगळे अनुस्वार देतात. छापील पानावर ते खपून जातं, पण मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ‘सां’ असंच म्हणणार. मंद्रासाठी (खालच्या सप्तकासाठी) नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, दिला तर तो मात्रेच्या आधी, अक्षराला लागूनच हवा. तरी त्यात गंमत आहे. मजकुराचं प्रमाणीकरण झालं (प्रोग्रामने एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी केली) की न आणि नुक्ता मिळून ऩ हे एकच अक्षर (०९२९) होतं, तर र आणि नुक्ता मिळून चक्क ‘तऱ्हा’मधला ऱ (०९३१). ध आणि प यांना असं जोडरूप नसल्याने ते दोन तुकड्यांतच राहतात. मग ‘नि’ शोधायला गेलात तर मंद्र निषाद सापडत नाही, ‘ध’ शोधला तर मंद्र धैवत मात्र सापडतो. पत्रिका छापायची असेल तर नुक्ता चालेल. शेकडो गाण्यांचा शोधता येणारा संग्रह करायचा असेल, तर सप्तक वेगळ्या रकान्यात लिहा.

प्रश्न : आमच्याकडच्या होळीच्या ढोलाचे बोल बालीच्या ढोल-खुणांनी लिहिता येतील का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : नको. १बी७४ म्हणजे ‘उजव्या हाताचा खुला डुग’, तोही त्यांच्या केंडांग ढोलावरचा. बोल देवनागरीतच लिहा आणि हात दाखवायला अक्षराआधी ‘उ’ किंवा ‘डा’ घाला.