नव्या साध्या गाडीच्या पैशात जुनी एस-क्लास नाहीतर सेव्हन सिरीज घ्यावी का, आणि घेतली तर कुठली?

तुमचा प्रश्न असा की घरात पाच माणसं, त्यात एक लहान मूल, हातात एका नव्या साध्या गाडीएवढे पैसे, आणि तेवढ्यातच दहा वर्षं आणि त्याहूनही जुनी मर्सिडीजची एस-क्लास, बीएमडब्ल्यूची सेव्हन सिरीज, ऑडी ए८ नाहीतर लेक्सस एलएस मिळतेय, तर घ्यावी का आणि कुठली. मी स्वतः बरीच वर्षं असलीच एक जुनी मोठी सेडान वापरतोय, घरखर्च सांभाळून, म्हणून लिहितोय.

घ्या. पण जी घ्याल ती त्या मॉडेलमधली सगळ्यात साधी घ्या. लोक नेमकं उलटं करतात, एवढे पैसे घालतोच आहोत तर व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन घेऊ, मसाजवाल्या सीटची घेऊ, मागे स्क्रीन असलेली घेऊ, कारण जुन्यात साध्या आणि टॉप व्हेरियंटच्या किमतीत फारसा फरक उरलेला नसतो. तो फरक का उरत नाही याचा विचार कुणी करत नाही. पहिल्या मालकाने हौसेने घेतलेलं प्रत्येक जास्तीचं ऑप्शन आता तुमच्या नावावर दुरुस्तीला येणार असतं.

गाडी स्वस्त झाली तरी पार्ट स्वस्त होत नाहीत, हे तुम्हाला आतापर्यंत सगळ्यांनी सांगितलं असेल. खरंच आहे, पण माझ्या मते पार्टपेक्षा लेबर जास्त मारतं. मर्सिडीजचं ओएम६४२ हे व्ही६ डिझेल घ्या, चांगलं इंजिन आहे, पण त्याचा ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेत, टर्बोच्या खाली बसवलाय आणि त्याची सील वय झालं की गळतात. सील अगदी किरकोळ वस्तू, पण तिथपर्यंत पोचायला वरचं निम्मं इंजिन उघडावं लागतं. ऑडीच्या ४.२ एफएसआय व्ही८ मध्ये टायमिंग चेन (इंजिनातले आतले भाग ताळमेळात फिरवणारी साखळी) इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, म्हणजे चेनचं काम निघालं की इंजिन बाहेर काढायची तयारी ठेवायची. म्हणून मेकॅनिकला "हा पार्ट केवढ्याला" असं विचारू नका, "हा पार्ट बदलायला काय काय खोलावं लागतं" असं विचारा.

आता सस्पेन्शन, कारण या गाड्यांचं सगळं सुख त्यातच आहे आणि सगळ्यात मोठं बिलही बहुतेक तिथूनच येतं. एस-क्लासच्या डब्ल्यू२२१ (२००५ ते २०१३) आणि डब्ल्यू२२२ या दोन्ही पिढ्यांना एअरमॅटिक, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे. ए८ लाही तसंच. रबर वयाने चिरतं, हवा हळूहळू गळते, ती भरायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि शेवटी तोही जळतो, म्हणजे एक फुगा वेळेवर बदलला नाही तर खर्च दुप्पट. बघायची पद्धत सोपी आहे, गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना सकाळी स्टार्ट करायच्या आधी चारही चाकांच्या वरची जागा बघा, एखादा कोपरा बसलेला दिसला तर गळती आहे. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी इंजिन चालू ठेवलं असेल तर गाडी उचललेली दिसणार, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत चावी लावू नका, आणि पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवून बघा गरम आहे का. गरम असेल तर परत जायला हरकत नाही, मी तरी जातो.

एअरमॅटिक हा सोसण्यासारखा खर्च आहे, बाहेरच्या कंपन्यांचे फुगे आणि कॉम्प्रेसर मिळतात. पण मर्सिडीजच्याच काही वरच्या मॉडेलांत एबीसी नावाचं हायड्रॉलिक सस्पेन्शन येतं (ब्रेकचं एबीएस वेगळं), त्यात जास्त दाबाचा पंप, पाइप, व्हॉल्व्ह ब्लॉक असा सगळा संसार आहे. तो घरच्या बजेटवाल्याने घेऊच नये. बीएमडब्ल्यूच्या एफ०१ पिढीत (२००८ ते २०१५) आखूड व्हीलबेसच्या (व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) सहा सिलिंडरवाल्या गाड्या साध्या स्प्रिंगवर मिळतात, लांबवाल्या एफ०२ ला मागच्या बाजूला हवा. त्यानंतरच्या जी११ पासून पुढे-मागे दोन्हीकडे हवाच. लेक्सस एलएस४३० आणि एलएस४६० मात्र साध्या स्प्रिंगवर मिळतात, एअर असलेल्याही असतात, आपण स्प्रिंगवालीच शोधायची.

इंजिनांबद्दल थोडक्यात. बीएमडब्ल्यूचं एन६३ व्ही८, म्हणजे सेव्हन सिरीजच्या ७५० मॉडेलमधलं, त्याची सुरुवातीची आवृत्ती टाळा. त्यात दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधेच बसवलेत, उष्णता तिथेच कोंडते आणि आसपासची रबरं, सील, पाइप भाजून निघतात, ऑइल पिणं तर प्रसिद्धच आहे, कंपनीलाच २०१४ मध्ये अमेरिकेत त्यासाठी खास दुरुस्तीची मोहीम काढावी लागली होती. त्याच गाडीत सहा सिलिंडरचं ७४० किंवा ७३० डिझेल घेतलंत तर रोजच्या वापरात काहीही कमी वाटत नाही. डिझेलमध्ये फक्त थंड इंजिनाला मागच्या बाजूने चेनचा खडखडाट येतोय का ऐका, येत असेल तर ती गाडी सोडा. डब्ल्यू२२१ मध्ये सुरुवातीच्या पेट्रोल इंजिनांत, एम२७२ आणि एम२७३, आतली काही दातेरी चाकं लवकर झिजायची, म्हणून २००९ च्या फेसलिफ्टनंतरची, म्हणजे त्याच पिढीतली सुधारलेली बघा. सहा सिलिंडरच घ्या या माझ्या नियमाला एकच अपवाद, लेक्सस. त्यांचं व्ही८ टर्बोशिवायचं आहे आणि ते शांतपणे चालत राहतं. एलएस४३० ला टायमिंग बेल्ट असतो, तो साधारण दीड लाख किलोमीटरला बदलायचा, बदलल्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं समजून भाव करा. एलएस४६० ला चेन आहे, पण पुढचे सस्पेन्शन आर्म्स झिजतात, खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंगखालून ठकठक ऐकू येते.

गिअरबॉक्सबद्दल एक गोष्ट सगळीकडे चुकीची सांगितली जाते. "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही." बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वार यांच्या मोठ्या गाड्यांत जे झेडएफ या जर्मन कंपनीचे गिअरबॉक्स असतात, त्यांच्या बाबतीत खुद्द झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला म्हणून सांगते. गाडी दीड लाख चाललीये आणि ऑइल कधीच बदललं नाही, असं विकणारा अभिमानाने सांगत असेल तर ऐकून घ्या आणि किंमत कमी करा.

इलेक्ट्रॉनिक्स. त्या काळातल्या तिन्ही जर्मन गाड्यांत ऑडिओ, फोन, नॅव्हिगेशन हे सगळं एका फायबरच्या रिंगवर जोडलेलं असतं, त्यातलं एक युनिट मेलं की अख्खी रिंग गप्प, स्क्रीनही नाही आणि आवाजही नाही. दुरुस्ती बऱ्याचदा स्वस्तात होते, मेलेलं युनिट बाजूला काढून रिंग जोडून देतात, पण हे माहीत असलेला मेकॅनिक हवा, नाहीतर एकेक डबा बदलत बसतात. बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी टाकली तरी ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते. आणि पाणी! सनरूफचे ड्रेन पाइप तुंबले की पाणी कार्पेटखाली आणि डिकीच्या तळाला साचतं, आणि नेमकं तिथेच कुठेतरी कंट्रोल युनिट असतात. त्यामुळे कार्पेट बोटांनी दाबून बघा, डिकीचा तळ उचलून बघा, ओल असेल, कुबट वास असेल तर बाकी काही तपासू नका.

तपासायला जाताना पूर्ण दिवस काढा आणि चारही सीटवर बसून एकेक बटण दाबा, खिडक्या, पडदे, मागचा एसी, सीटचे सगळे मोटार, आपोआप ओढून घेणारे दरवाजे. वेळ लागतो, विकणारा कंटाळतो, कंटाळू दे. गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्कॅनर लावाच. त्यात एरर नसणं पुरेसं नाही, रेडीनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या भागांच्या ज्या तपासण्या करते त्या) पूर्ण आहेत का बघा, ते अपूर्ण दिसले तर सकाळीच कुणीतरी एरर पुसलेत नाहीतर बॅटरी काढलीये. गरम इंजिन पाच-दहा मिनिटं आयडलला ठेवून मग एकदम ॲक्सिलरेटर द्या, निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील गेलेत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपनीचे आणि जुने असतील तर मालकाने बाकीच्या गोष्टींतही पैसे वाचवलेले असणार, माझा तरी हा सगळ्यात भरवशाचा अंदाज आहे. सतरा अक्षरी व्हीआयएन, म्हणजे चासी नंबर टाकून रिकॉल (कंपनीने दोष काढायला गाड्या परत बोलावणं) बाकी आहेत का तेही बघून घ्या, टकाटाच्या एअरबॅगचं रिकॉल खूप कंपन्यांना लागू होतं आणि ते काम फुकट होतं.

कमी चाललेली गाडी चांगली असं समजू नका. दहा वर्षांत जेमतेम चाललेली म्हणजे उभी राहिलेली, रबर सुकलेलं, बॅटरी सारखी उतरलेली. दीड लाख किलोमीटर हायवेवर चाललेली आणि प्रत्येक सर्व्हिसचं बिल असलेली गाडी मी डोळे झाकून आधी बघायला जाईन.

आता घरचं, कारण तुम्ही पाच जण आहात. या गाड्या मुळात मागे दोघांना आरामात बसवायला बनवलेल्या. मागच्या चाकांवर चालणारी असली की मधोमध पायाखाली उंच बोगदा असतो, मधे बसणाऱ्याचे पाय कुठे ठेवायचे हा प्रश्नच असतो, आणि काहींना तर मागे दोनच स्वतंत्र सीट आणि मधे पक्का कन्सोल असतो, जाहिरातीत ते फार भारी दिसतं पण तुमच्यासाठी ती गाडी बादच. मागची सीट बऱ्याच गाड्यांत दुमडत नाही, त्यामुळे लांब सामान विसरा. लहान मुलाची सीट बरोबर घेऊनच जा आणि आयसोफिक्सला, म्हणजे मुलाची सीट अडकवायच्या गाडीतल्या कड्यांना लावून बघा. लांबीही मोजा, लांब व्हीलबेसवाल्या सव्वापाच मीटरच्या आसपास जातात, पार्किंगमध्ये बसली पाहिजे ना. आणि ए८ नाहीतर जॅग्वार एक्सजे घेणार असाल तर बॉडी ॲल्युमिनियमची आहे हे लक्षात ठेवा, छोटा ठोकाही कोपऱ्यावरच्या डेंटिंगवाल्याकडे होत नाही.

पैशांचं म्हणाल तर हातात आहेत त्यातला एक तृतीयांश भाग बाजूला ठेवा आणि उरलेल्यातच गाडी शोधा. पहिल्या वर्षातच टायर, ब्रेक, सगळी ऑइलं, बॅटरी, आणि सस्पेन्शनचं काहीतरी, एवढं धरून चाला. ही बाजूची रक्कम गाडीसाठी कर्ज काढून उभी करावी लागत असेल तर मग एक पायरी खाली या, ई-क्लास, फाइव्ह सिरीज किंवा लेक्सस ईएस बघा. ईएस तर पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे मधला बोगदा छोटा आणि पाचवा माणूस जरा माणसासारखा बसतो.

माझा क्रम विचारलात तर आधी साध्या स्प्रिंगची एलएस४६०, ती जवळपास मिळत नसेल किंवा तिचं काम करणारा कुणी नसेल तर आखूड एफ०१ सहा सिलिंडर, मग एअरमॅटिकचा खर्च आधीच धरून डब्ल्यू२२२ सहा सिलिंडर, आणि ए८ फक्त तेव्हाच जेव्हा तुमच्या ओळखीत ऑडीचाच जुना मेकॅनिक असेल. मेकॅनिक आधी ठरवा, गाडी नंतर. डिझेल घ्यायची तर रोजचं जाणं-येणं किती ते बघा, मुलाला शाळेत सोडणं आणि भाजी आणणं एवढ्यावरच गाडी फिरणार असेल तर डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबत राहणार, त्याला अधूनमधून हायवेवर सलग पळवावं लागतं. तुमचा वापर तसा असेल तर पेट्रोलच घ्या आणि पंपावर थोडं जास्त द्या.