कपाटातला लॅपटॉप आणि दुसऱ्या मशीनवरची फाइल

प्रश्न : माझा मुलगा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी ६१ टक्के पडले, तिसऱ्या सत्रात गणिताची एटीकेटी लागली. रात्री बारापर्यंत काळ्या पडद्यासमोर बसतो. माउस नाही, चित्र नाही, नुसत्या फायलींच्या नावांच्या ओळी. विचारलं तर म्हणतो, "एका बेदाणा व्यापाऱ्याच्या वेबसाइटवरचे दर बदलतोय, फाइल त्यांच्या सर्व्हरवर आहे." पुतण्या म्हणतो, दुसऱ्याच्या मशीनमध्ये असं शिरणं म्हणजे हॅकिंग. मी शाळेत लिपिक आहे. फायली इकडून तिकडे नेण्याचं काम मी २६ वर्षं करतोय, त्यासाठी बीएस्सी कशाला हवं? बारा दिवसांपूर्वी लॅपटॉप कपाटात कुलूप लावून ठेवला, तर आता मोबाइलवर तोच काळा पडदा उघडतो. ओळखीच्या हवालदारांना घरी बोलावून त्याला समज द्यायचा विचार आहे. त्याला बँकेच्या परीक्षांना बसवावं की पुण्यात ९० हजारांचा क्लाउडचा कोर्स लावावा? त्याला समजेल अशा कडक शब्दांत लिहा. सोबत पडद्याचा फोटो पाठवतो.
– एक पालक, तासगाव

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. कडक शब्द मागितलेत. ते लिहितो, पण तुमच्यासाठी.

हवालदारांना घरी बोलावू नका. मुलाने नेमकं काय केलं आहे, हे तुम्हाला स्वतःला ठाऊक नाही. पत्रात तसं सरळ लिहिलेलं नसलं तरी ओळीओळीतून दिसतं. तुम्ही विचारलंत, त्याने उत्तर दिलं, आणि त्याच्या उत्तरापेक्षा पुतण्याच्या अंदाजावर तुमचा विश्वास बसला. आता त्या अंदाजाच्या जोरावर खाकी वर्दीतला माणूस बैठकीच्या खोलीत आणून बसवायचा आणि वयात आलेल्या मुलाला त्याच्यासमोर मान खाली घालायला लावायची? माझ्याकडे अशी मुलं येतात. ती बोलायला लागतात ती तिसऱ्या-चौथ्या भेटीत, आणि बोलतात तेव्हा मार्कांबद्दल बोलत नाहीत. "बाबांनी आधी मला विचारायला हवं होतं," एवढंच पुन्हा पुन्हा सांगतात. तुमचा मुलगा अजून तुम्हाला उत्तर देतो आहे. ते थांबू देऊ नका.

तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेली एक गोष्ट मला पत्रातली सगळ्यात मोलाची वाटली. लॅपटॉप गेला तेव्हा त्याने मोबाइलवर तेच काम चालू ठेवलं. त्या काळ्या पडद्यावरचा व्हिम हा एडिटर, म्हणजे फायलीतला मजकूर बदलायचं साधन, सगळा कीबोर्डवर चालतो. तो मोबाइलच्या काचेवर बोटांनी चालवणं किती जिकिरीचं असतं, हे मी करून पाहिलेलं आहे. टाइमपास करणारा मुलगा या वाटेला जात नाही. ज्याने व्यापाऱ्याला "दर वेळेवर बदलून देतो" असा शब्द दिला आहे, तो जातो. शब्द पाळायचं त्याने कुठेतरी पाहिलं असणार, आणि मला वाटतं घरातच पाहिलं असणार.

म्हणूनच तुमचं ते २६ वर्षांचं वाक्य मला खुपलं. फायली इकडून तिकडे नेतो, असं तुम्ही स्वतःच्या कामाबद्दल लिहिलंत. सेवापुस्तकातली एक नोंद चुकली तर शिक्षकाची पेन्शन अडते, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे? कपाटातून रजिस्टर काढलं की कोणी काढलं, कधी परत ठेवलं, मधल्या काळात त्यात कोणी काय लिहिलं, हे सांभाळणं म्हणजेच तुमची नोकरी. ती तुम्ही हलकी मानली आणि तोच हलकेपणा मुलाच्या कामावर टाकला. माझ्या मते टक्क्यांपेक्षा याचं ओझं त्याच्यावर जास्त आहे.

आता फोटोबद्दल. वरच्या ओळीत 'नेटआरडब्ल्यू डिरेक्टरी लिस्टिंग' अशी अक्षरं आहेत. नेटआरडब्ल्यू हा व्हिम एडिटरसोबतच येणारा भाग आहे. दुसऱ्या यंत्रावरचे फोल्डर आणि फायली तो एडिटरमध्येच यादीसारख्या दाखवतो. नावावर एन्टर दाबलं की फाइल उघडते, वजाचं बटण दाबलं की एक पायरी वर जाता येतं. वेगळं सॉफ्टवेअर उघडा, फाइल उतरवून घ्या, बदला, पुन्हा चढवा, हा सगळा खटाटोप वाचतो. तुमच्या कार्यालयाच्या भाषेत सांगायचं तर मूळ रजिस्टर दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात, म्हणजे सर्व्हरवर, आहे. मुलगा पान मागवतो, तेव्हा त्या पानाची प्रत त्याच्या टेबलावर येते. तो दर दुरुस्त करतो, आणि 'सेव्ह' म्हटलं की दुरुस्त प्रत जाऊन मूळ पानाची जागा घेते. पडद्यावर ते तिथल्या तिथे लिहिल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात प्रत येते आणि प्रत जाते.

हे जुनाट नाही, आणि हलकं तर मुळीच नाही. एका यंत्रातली फाइल दुसऱ्या यंत्रात कशी न्यायची, याचे नियम एफटीपी या नावाने पहिल्यांदा कागदावर आले ते एप्रिल १९७१ मध्ये. लिहिणारे होते अभय भूषण, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत. फायली इकडून तिकडे नेण्याचे नियम लिहायला तेव्हा इतका शिकलेला माणूस लागला होता. ईमॅक्स नावाच्या एडिटरात दुसऱ्या यंत्रावरच्या फायली उघडायची सोय १९८९ पासून आहे. आज पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत सर्रास दिसणाऱ्या व्हीएस कोड या एडिटरने स्वतःची तशी सोय २०१९ मध्ये आणली. त्याची रीत थोडी निराळी आहे. तो पलीकडच्या यंत्रावर आपला एक छोटा मदतनीस बसवतो आणि बरंचसं काम तिथेच करतो. काळा पडदा असो की रंगीत, मागचा प्रश्न तोच : फाइल तिकडे, माणूस इकडे, आणि मधल्या रस्त्यावर काही हरवता कामा नये.

राहिली हॅकिंगची गोष्ट. हा गैरसमज पालकांमध्ये इतका पसरला आहे की त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं. दुसऱ्याच्या यंत्रात दुरून जाणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय जाणं हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ वाचा. मालकाच्या किंवा यंत्राची जबाबदारी असलेल्या माणसाच्या परवानगीशिवाय प्रवेश करणं, माहिती उतरवून घेणं, ती बदलणं किंवा पुसणं याबद्दल ते आहे. हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सगळा कायदा 'परवानगी' या एका शब्दावर उभा आहे. शेजाऱ्याने किल्ली देऊन "आम्ही गावाला जातोय, झाडांना पाणी घाला" म्हटलं, तर त्या घरात जाणारा चोर ठरत नाही. तुमच्या मुलाला व्यापाऱ्याने किल्ली दिली आहे. जगातली बहुतेक सर्व्हर-यंत्रं अशीच दुरून सांभाळली जातात. ती सांभाळणाऱ्यांनी ती डोळ्यांनी पाहिलेलीही नसतात. तेव्हा मुलाला विचारायचा प्रश्न "तू आत का शिरतोस?" हा नाही. "त्यांनी तुला लेखी काय दिलं आहे?" हा आहे. हा प्रश्न तुम्ही, एक लिपिक, त्याला कोणापेक्षाही चांगला विचारू शकता. मला वाटतं त्याच्याकडे लेखी काहीच नसेल. व्यापाऱ्याने फोनवर पासवर्ड सांगितला असेल आणि याने तो वहीत लिहून घेतला असेल. काळजी करायचीच असेल तर याची करा.

बँकेच्या बहुतेक परीक्षा पदवीनंतरच देता येतात. एमसीएची सीईटी किंवा एनआयटीसाठी निमसेट पुढे आहेतच, त्यांची घाई आता नको. एटीकेटी मात्र याच सत्रात सुटली पाहिजे, आणि टक्के साठच्या खाली जाता कामा नयेत. कॅम्पसला येणाऱ्या कितीतरी कंपन्या साठची अट ठेवतात, त्यापुढे कौशल्य कोणी विचारत नाही. हे अन्यायाचं आहे, पण आहे.

९० हजारांच्या कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे : पैसे भरू नका. त्या कोर्समध्ये सुरुवातीला जे शिकवतील ते हा मुलगा रोज रात्री करतो आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर एकट्याने सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाला 'क्लाउड'चं, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरांचं, प्रमाणपत्र पुढे कधीही मिळवता येईल. प्रमाणपत्र हवंच असेल तर रेड हॅट या लिनक्स बनवणाऱ्या कंपनीची आरएचसीएसए परीक्षा बघा. तिच्यात पाठांतराचे प्रश्न नसतात, यंत्रासमोर बसून काम करून दाखवावं लागतं. घरी जुन्या लॅपटॉपवर सराव करून ती देता येते. पुढची वाट सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, डेव्हऑप्स अशा सर्व्हर आणि त्यावरची सॉफ्टवेअर चालती ठेवण्याच्या नोकऱ्यांकडे जाते. सुरुवात बहुधा टेक्निकल सपोर्टमध्ये आणि रात्रपाळीत होते, पगारही आधी बेताचाच असतो. हे त्यालाही आत्ताच सांगा.

त्याच्यासाठी लिहायला सांगितलं होतंत, म्हणून पुढचा मजकूर त्याला वाचायला द्या.

मित्रा, तू चांगलं काम करतो आहेस, पण ते धोक्याच्या रीतीने करतो आहेस असं मला वाटतं. नेटआरडब्ल्यू सेव्ह करताना पलीकडच्या फाइलला कुलूप लावत नाही. व्यापाऱ्याच्या दुकानातल्या कोणी त्याच वेळी तीच फाइल उघडून बदलली, तर जो शेवटी सेव्ह करेल त्याचे दर राहतील आणि दुसऱ्याचे गुपचूप जातील. बेदाण्याच्या दरात किलोमागे दहा रुपयांची चूक किती महागात पडते, हे तासगावच्या मुलाला मी सांगायला नको.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी सहा वर्षं सर्व्हर सांभाळत होतो. एका संध्याकाळी असाच एडिटरमधून एका ग्राहकाच्या सर्व्हरवरची सेटिंगची फाइल बदलत होतो. सेव्ह करताना मधेच कनेक्शन तुटलं आणि पलीकडे अर्धीच फाइल पोचली. त्यांचं काम रात्रभर बंद राहिलं. वरिष्ठांनी मला एकच विचारलं : "जुनी प्रत कुठे आहे?" माझ्याकडे नव्हती. त्या कंपनीतल्या लोकांचे सकाळचे चेहरे मला अजून आठवतात. म्हणून तुला सांगतो, चालू वेबसाइटच्या मूळ फाइलवर थेट हात ठेवू नकोस. गिट हे फायलींच्या जुन्या प्रती सांभाळणारं साधन शिक, बदल आधी स्वतःच्या मशीनवर कर, तपास, मग पाठव. एडिटरमधून दूरची फाइल उघडणं हे पाहण्यासाठी, नोंदी वाचण्यासाठी, अडीअडचणीला एखादी ओळ दुरुस्त करण्यासाठी उत्तम आहे. रोजचं काम त्याच्यावर टाकू नकोस.

आणि पत्त्याच्या सुरुवातीला 'एफटीपी' लिहीत असशील तर आजच थांब. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, वाटेत कोणीही वाचू शकतो. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले, म्हणून तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, ज्यात दोन यंत्रांमधला सगळा मजकूर सांकेतिक होऊन जातो. 'एससीपी' किंवा 'एसएफटीपी' वापर, ते एसएसएचवरून जातात. पासवर्डऐवजी एसएसएचच्या किल्ल्यांची जोडी तयार कर, एक सर्व्हरवर ठेवायची आणि एक खाजगी, फक्त तुझ्याकडची, खाजगी किल्लीला सांकेतिक वाक्य लाव आणि ती कोणालाही पाठवू नकोस. व्यापाऱ्यांना सांगून तुझ्या नावाचं वेगळं खातं उघडून घे, ज्याला फक्त दरांच्या फोल्डरपुरतेच अधिकार असतील. मग काही बिघडलं तर कोणी केलं हे कळेल, आणि तुझ्यावर नसता आळ येणार नाही.

व्हिम येतं म्हणून नोकरी मिळेल, असं समजू नकोस. मुलाखतीत कोणी तुला एडिटरवरून घेणार नाही. पत्त्यात यजमानाच्या, म्हणजे सर्व्हरच्या, नावानंतर एक स्लॅश दिला तर तुझ्या होम फोल्डरपासून वाट सुरू होते आणि दोन दिले तर मुळापासून, हे तुला पाठ असेल. असं का होतं, पलीकडे कोणत्या वापरकर्त्याच्या अधिकाराने फाइल लिहिली जाते, परवानग्या चुकल्या तर काय होतं, हे सांगता आलं तर मात्र समोरचा माणूस सावरून बसेल. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम आणि नेटवर्क हे दोन विषय मन लावून कर. आणि गणित सोड. सोडून देऊ नकोस, सोडवून मोकळा हो.

पुन्हा तुमच्याकडे येतो. रविवारी सकाळी तासभर त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. बोलू नका, त्याला दाखवू द्या. दर बदलून झाले की व्यापाऱ्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा दोघांनी मिळून लिहा : कोणत्या तारखेपासून, कोणत्या यंत्रावर, कोणत्या फायलींपुरती परवानगी, दरमहा किती मोबदला, चूक झाल्यास कोणाला कळवायचं. असा मसुदा त्याला लिहिता येणार नाही. तुम्हाला येतो. त्याची एक प्रत त्याच्या फाइलला लावा आणि एक तुमच्याकडे ठेवा.

लॅपटॉप मात्र रविवारची वाट न पाहता आज संध्याकाळीच कपाटातून काढून त्याच्या हातात द्या. पुढचा सौदा निघेल तेव्हा त्याला मोबाइलच्या काचेवर दर टंकायला लागू नयेत.