आधी सोफा उलटा करा

प्रश्न: आमचा तीन जणांचा सोफा नऊ वर्षांचा आहे. मधल्या आणि डावीकडच्या जागेवर बसलं की माणूस खाली जातो. सासूबाईंना तर दर वेळी हात धरून उठवावं लागतं. घरात काही जण म्हणतात, नवं कापड लावून घेऊ. मुलगा म्हणतो, नवाच आणू. दुकानात मला सगळे सोफे सारखेच दिसतात. हा दुरुस्त होण्यासारखा आहे का? आणि नवा घ्यायचाच झाला तर चांगला कसा ओळखायचा?

उत्तर: ताई, कापडाचं आत्ता डोक्यातून काढून टाका. कापड बदलून खचलेली बैठक वर येत नाही. इतकी वर्षं सोफ्यांचीच कामं करतोय, आणि लोकांचा पैसा वाया जातो तो सगळ्यात जास्त इथेच. छान नवं कापड चढवायचं आणि आतला फोम तोच दबलेला ठेवायचा. महिन्याभरात ते कापडही त्याच खड्ड्यात सुरकुततं.

मधल्या जागेची गादी काढून फरशीवर ठेवा आणि तिच्यावर बसा. फरशीवरही ती तशीच चेपली आणि बुडाला फरशी लागली, तर दोष फोमचा. फरशीवर ठीक वाटली, तर दोष खालच्या स्प्रिंगांचा, पट्ट्यांचा किंवा लाकडाचा. नऊ वर्षांच्या सोफ्यात बहुधा दोन्ही थोडं थोडं असतं, तरी जास्त काय बिघडलंय ते या एका परीक्षेत कळतं.

मग दोघांनी मिळून सोफा पुढच्या बाजूने पालथा घाला. बुडाला पातळ काळं कापड स्टेपल केलेलं असतं. मागच्या कडेच्या पिना चपट्या पेचकसाने उचकून ते अर्ध्यापर्यंत सोडवा आणि आत टॉर्च मारा. झिगझॅग स्प्रिंगा असतील तर त्यांची टोकं बघा. ही टोकं लाकडावर ठोकलेल्या छोट्या क्लिपांमध्ये अडकवलेली असतात. पुष्कळदा स्प्रिंग धडधाकट असते, फक्त क्लिप उखडलेली असते आणि स्प्रिंगेचं एक टोक मोकळं लोंबत असतं. क्लिप जुन्या भोकात पुन्हा ठोकू नका, ते लाकूड सैल झालेलं असतं. बोटभर बाजूला सरकवून स्क्रूने आवळा. स्प्रिंग ताणून अडकवताना हातमोजे आणि चष्मा घालाच. सुटलेली स्प्रिंग जोरात उसळते आणि थेट चेहऱ्यावर येते. इथे घाई करू नका, आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

स्प्रिंगांऐवजी इलॅस्टिकचे पट्टे असतील तर ते बोटाने ओढून सोडा. लगेच मागे आले तर चांगले. ढिले पडले असतील किंवा कडेला रबराचे तंतू तुटलेले दिसत असतील, तर एकदोन बदलून भागत नाही. सगळेच नवे घाला, उभे-आडवे विणून.

सांगाड्याची पुढची आडवी लाकडी पट्टी मात्र नीट बघा, कारण लांब सोफ्यात सगळा भार तिच्यावर येतो. ती मध्ये वाकली किंवा तडकली असेल तर गोंद लावून आतल्या बाजूने दुसरी लाकडी पट्टी स्क्रूने जोडा आणि मधोमध एक जादा पाय द्या. सांगाडा पार्टिकल बोर्डचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा असेल आणि स्क्रूच्या भोवती भुसा सुटत असेल, तर त्यावर खर्च करू नका. तिथे नवा स्क्रूही धरत नाही. मग मुलाचं ऐका.

सांगाडा ठणठणीत असेल, तर नवा फोम घालून हा सोफा आणखी कितीतरी वर्षं वापरता येईल. फोम घेताना दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, आणि त्यावर टिकाऊपणा ठरतो. कडकपणा ही वेगळी गोष्ट. कमी डेन्सिटीचा फोमही कडक बनवता येतो. दुकानात दाबून पाहिला तर भक्कम वाटतो आणि थोड्याच काळात बसतो. म्हणून नुसतं दाबून निवडू नका, आकडा विचारा. रोजच्या बैठकीला निदान 32, जमलं तर 40. माप जुन्या फोमचं घेऊ नका, तो आक्रसलेला असतो. कव्हरचं माप घ्या आणि लांबी-रुंदीला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त कापून घ्या, म्हणजे कोपरे भरलेले दिसतात. वरून पॉलिस्टरच्या वॅडिंगचा, म्हणजे कापसासारख्या मऊ पत्र्याचा, एक थर गुंडाळा. सासूबाईंच्या जागेला थोडा कडक फोम घाला. बसल्यावर पाऊल पूर्ण टेकलं आणि मांड्या गुडघ्यांच्या खाली गेल्या नाहीत, की त्यांना आपलं आपण उठता येईल. त्यांच्यासाठी एवढं करायलाच हवं.

आता नव्याचं. पुढचा एक पाय वीतभर उचला. दुसरा पुढचा पायही लगेच उचलला जायला हवा. तो जमिनीवरच राहिला तर सांगाडा पिळतोय. हात आणि पाठ धरून हलवा, कुरकुर ऐकू येता कामा नये. गादीची चेन उघडून आत बघा, आणि सांगाडा कशाचा, सांधे कसे हे विचारा. कठीण लाकूड किंवा चांगलं प्लाय, कोपऱ्यांत गोंदासह स्क्रूने बसवलेले त्रिकोणी ठोकळे, असं उत्तर आलं तर पुढे बोला. नुसत्या पिनांवर जोडलेला सांगाडा घेऊ नका.

प्रश्न: नव्या सोफ्याची बैठक चारच महिन्यांत दबली. दुकानदार म्हणतो, फोम 'सेट' होतोय. खरं का?

उत्तर: अर्धंच खरं. सुरुवातीच्या काही महिन्यांत फोम थोडा मऊ पडतो. पण मऊ पडणं वेगळं आणि खड्डा पडणं वेगळं. रात्रभर कुणी न बसता सकाळी गादीवर सरळ काठी आडवी ठेवा, मधला खळगा पट्टीने मोजा आणि फोटो काढा. दोनतीन सेंटिमीटर खळगा तसाच राहत असेल तर फोम हलका आहे. बिलाची प्रत आणि फोटो जोडून दुकानदाराला लेखी कळवा, वॉरंटी संपायच्या आत. तोवर गादीखाली प्लाय घालू नका. सोफा तुम्हीच बदललात असं म्हणायला त्याला जागा मिळते.