गॅसचं गणित चुकतं, म्हणून सायन्स सोडू?

प्रश्न : मी डिचोलीत अकरावी सायन्सला आहे. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं मनात आहे. टेस्टमध्ये गणित होतं : २७ अंश सेल्सिअसला २.५ लिटर असलेला गॅस कॉन्स्टंट प्रेशरवर तापवून ३ लिटर झाला, तर तापमान किती? माझं उत्तर ३२.४ आलं, बरोबर उत्तर ८७. अशी गणितं सारखी चुकतात. बाबा म्हणतात, वेळ आहे तोवर कॉमर्सला जा. काय करू?

उत्तर : ३२.४ कुठून आले ते लगेच कळतं. २७ ला तू १.२ ने गुणलंस. म्हणजे ३ आणि २.५ चं प्रमाण तुला सापडलं होतं, मांडणीही बरोबर होती. सेल्सिअसचं केल्विन करायचं तेवढं राहिलं. २७ मध्ये २७३ मिळव, ३०० झाले. ३०० गुणिले ३ भागिले २.५ म्हणजे ३६० केल्विन. त्यातून २७३ वजा कर, ८७ अंश सेल्सिअस.

असं का, ते तुझ्याच पद्धतीने तपासून बघ. गॅस शून्य अंशाला असता आणि फुगून दुप्पट झाला असता, तर शून्य गुणिले दोन, उत्तर शून्यच! तापवूनही तापमान हललं नाही. सेल्सिअसचं शून्य बर्फ वितळण्यावरून ठरवलेलं. व्हॉल्यूम तापमानाच्या पटीत वाढतो तो उणे २७३.१५ अंशांपासून मोजलं तरच. केल्विनचं शून्य तिथेच आहे, गणितात २७३ धरतात. एमसीक्यूच्या पर्यायांत ३२.४, ३६० आणि ८७ तिन्ही मांडून ठेवलेले असतात, आणि जेईईत चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात.

याच्या उलट चूकही होते. ‘तापमान ५० अंशांनी वाढलं’ असं दिलं असेल तर त्यात २७३ मिळवायचे नाहीत. फरक दोन्ही मापांत सारखाच असतो.

व्हॉल्यूम न देता उष्णता दिली की खरा घोळ होतो. १ मोल नायट्रोजनला कॉन्स्टंट प्रेशरवर १४५५ ज्यूल दिले तर तापमान किती वाढेल? मोलर सी-पी, म्हणजे प्रेशर तेच ठेवून १ मोल गॅस एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता, साधारण २९.१ ज्यूल, म्हणून ५० केल्विन. पुष्कळ जण सी-व्ही, म्हणजे व्हॉल्यूम तेच ठेवून लागणारी उष्णता, २०.८, घालतात आणि ७० काढतात. गॅस पिस्टन ढकलत फुगतो, त्या कामात उष्णतेचा २/७ भाग जातो. तापवायला उरतो ५/७. हेलियमसारख्या मोनोअ‍ॅटॉमिक, म्हणजे सुट्या अणूंच्या, गॅसला हे आकडे बदलतात, म्हणून गॅस कोणता ते आधी वाच.

प्रॅक्टिकलला बारीक नळीत हवा कोंडून पाण्यात तापवता, तिथेही जपायला हवं. ३० अंशांना १० सेंटिमीटर असलेला हवेचा स्तंभ ८० अंशांना जेमतेम ११.६५ होतो. तिथे वाचताना एक मिलिमीटर चुकला की तापमान तीन अंशांनी हुकतं. थर्मामीटर स्थिर झाल्यावर मिनिटभर थांबून मगच वाच. नळी आतून कोरडी हवी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती ओलसर राहिली तर तापल्यावर पाण्याची वाफ हवेत मिसळते आणि स्तंभ वाढायला हवा त्यापेक्षा जास्त वाढतो.

आता कॉमर्सचं. जुनी वीस गणितं सोडव आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिही : युनिट, सी-पी की सी-व्ही, की समीकरण मांडताच आलं नाही. पहिल्या दोन प्रकारच्या चुका सरावाने जातात. त्यांच्यासाठी स्ट्रीम बदलणं मला पटत नाही. तो कागद बाबांनाही दाखव. बहुतेक चुका तिसऱ्या प्रकारच्या असतील, तर मात्र आधी मॅथ्सच्या सरांना भेट, कारण तेव्हा अडचण गॅसची नाही, बीजगणिताची आहे. तसं असेल तर आल्तिनोच्या पॉलिटेक्निकमधला डिप्लोमा हीसुद्धा पळवाट समजू नकोस, तिथेही मॅथ्स सुटत नाही.